सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यावर बंद पडणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हरवर चालणाऱ्या सेंटओएस या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या 8 व्या आवृत्तीचा सपोर्ट 31 डिसेंबर 2021 ला संपला आणि सेंटओएस 7 चा 30 जून 2024 ला. लहान कंपन्या, पतसंस्था, कॉलेजं, कारखाने यांच्याकडचे वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेले सर्व्हर त्यामुळे हलवावे लागले. कोणी रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर गेलं, कोणी रेड हॅटच्या नव्या आवृत्तीवर, कोणी थेट उबुंटूवर. वेबसाइट उघडली, लॉगिन झालं, की काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. रात्रीच्या क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) काय झालं ते महिनाअखेरीला कळतं.

या पानावरची उत्तरं अशा सर्व्हरची रोजची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्यासाठी आहेत. कमांड आणि पाथ इथे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते नेहमीसारखेच टाइप करायचे.

स्क्रिप्टमधलं एक अक्षरही बदललेलं नाही. मग ती आजच का बंद पडली?

स्क्रिप्टमध्ये जेवढं लिहिलेलं असतं त्याहून जास्त तिने गृहीत धरलेलं असतं. कोणतं शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) मिळेल, 'पायथन' म्हटल्यावर कोणती आवृत्ती उठेल, 'सॉर्ट' कोणत्या क्रमाने लावेल, नेटवर्क कार्डाचं नाव काय असेल, समोरचा सर्व्हर कोणतं एन्क्रिप्शन मान्य करेल, यातलं काहीच फाइलमध्ये दिसत नाही. जुन्या सिस्टीमने ते पुरवलं होतं, नवी सिस्टीम वेगळं पुरवते. म्हणून स्क्रिप्ट उघडून ओळी बदलायची घाई करू नका. तिचं कोणतं गृहीतक मोडलं ते आधी शोधा.

बिघाड दोन प्रकारचे असतात. एक आरडाओरडा करणारा: एरर येतो, काम थांबतं, तुम्ही धावता. दुसरा गप्प बसणारा: स्क्रिप्ट शेवटपर्यंत जाते, एक्झिट कोड शून्य (म्हणजे 'सगळं ठीक') येतो, फाइलही तयार होते, फक्त आतला मजकूर चुकीचा असतो. पहिल्याची काळजी करू नका, तो आज ना उद्या सुटतो. खरं नुकसान दुसरा करतो, आणि अपग्रेडनंतरच्या तपासणीत नेमका तोच राहून जातो. इथला बराचसा मजकूर त्याच्याचबद्दल आहे.

सुरुवात कुठून करायची?

ज्या युजरच्या नावाने स्क्रिप्ट रात्री चालते त्याच युजरने ती हाताने चालवून बघा. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चाललेल्या स्क्रिप्टवरून काहीच सिद्ध होत नाही. बॅश या शेलची स्क्रिप्ट असेल तर 'बॅश -एक्स' लावून चालवा, म्हणजे प्रत्येक ओळ व्हेरिएबलच्या किमतीसकट दिसत जाते. वाचताना पहिला एरर धरा. शेवटचा एरर बहुतेक वेळा पहिल्याचाच परिणाम असतो, पण स्क्रीनवर तोच समोर असल्यामुळे माणसं त्याच्यामागे तासन्‌तास घालवतात.

आणि जुना सर्व्हर किंवा त्याचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) लगेच पुसू नका. निदान एक महिनाअखेर आणि जमल्यास एक तिमाही जाऊ द्या. काही स्क्रिप्ट वर्षातून चारदाच चालतात आणि त्यांचं जुनं आउटपुट तुलनेला लागतं.

'पायथन: कमांड नॉट फाउंड' असा एरर येतो. पायथन तर बसवलेलं आहे!

पायथन 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला. रेड हॅट 8 ने आणि तिच्यासारख्या रॉकी-अल्माने नुसती 'पायथन' ही कमांड जाणूनबुजून दिलेली नाही. 'पायथन3' किंवा 'पायथन2' असं स्पष्ट म्हणावं लागतं. तिथे 'अल्टरनेटिव्ह्ज' वापरून 'पायथन' हे नाव हव्या त्या आवृत्तीला जोडता येतं. उबुंटू 20.04 पासून त्यासाठी 'पायथन-इज-पायथन3' नावाचं पॅकेज आहे.

पण ते बसवण्याआधी एकदा विचार करा. 'कमांड नॉट फाउंड' हा प्रामाणिक एरर आहे. पायथन 2 साठी लिहिलेली स्क्रिप्ट त्या जोडणीमुळे पायथन 3 वर चालू लागली, तर 'प्रिंट'ला कंस नसलेल्या ओळींवर ती लगेच अडेल, आणि तेही चांगलंच. भीती आहे ती न अडणाऱ्या ओळींची. पायथन 2 मध्ये 7 भागिले 2 म्हणजे 3, पायथन 3 मध्ये 3.5. त्याहून लपलेला फरक राउंडिंगचा: पायथन 2 मध्ये 2.5 चं राउंड 3 व्हायचं, पायथन 3 मध्ये 2 होतं, कारण बरोबर मध्यावरची संख्या आता जवळच्या सम संख्येकडे जाते. व्याज, हप्ते, पगार यांची गणितं करणारी स्क्रिप्ट असेल तर एकही एरर न येता रकमा बदलतात. अशा ठिकाणी 'डेसिमल' मॉड्यूल वापरून राउंडिंगचा नियम स्वतः लिहून टाका.

पायथन 3 वर आणल्यावर मराठी नावं बिघडली. असं का?

पायथन 2 मधली साधी स्ट्रिंग म्हणजे बाइटची रांग होती. 'मराठी' हा शब्द यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत 15 बाइटचा. म, र, काना, ठ आणि वेलांटी असे पाच कोडपॉइंट (सुटी अक्षरचिन्हं) आणि प्रत्येकाला तीन बाइट. त्यामुळे पायथन 2 मध्ये साध्या स्ट्रिंगची लांबी 15 यायची, पायथन 3 मध्ये 5 येते.

आता समजा, खातेदारांची नावं 40 च्या ठरावीक रुंदीत कापून मजकुराची फाइल बनवणारी स्क्रिप्ट आहे. जुन्या सर्व्हरवर ती 40 बाइटला कापायची. 40 ला तीनने भाग जात नाही, त्यामुळे लांब नावाचं शेवटचं अक्षर अर्धवट तुटायचं आणि छापताना तिथे प्रश्नचिन्ह यायचं. नव्या सर्व्हरवर तीच ओळ 40 कोडपॉइंटला कापते, म्हणजे 120 बाइटपर्यंत. नाव स्वच्छ येतं, पण पुढचे सगळे रकाने सरकतात, आणि फाइल घेणारं सॉफ्टवेअर रकमेच्या जागी नावाचं शेपूट वाचतं. जिथे रुंदी बाइटमध्ये ठरलेली आहे तिथे आधी एन्कोड करा, बाइट मोजा, आणि अक्षर तुटणार नाही अशा जागी कापा.

दुसरा भाग लोकेलचा, म्हणजे सिस्टीमच्या भाषा आणि अक्षरांच्या सेटिंगचा. फाइल उघडताना एन्कोडिंग सांगितलं नाही तर पायथन 3 सिस्टीमच्या लोकेलवरून ठरवतं. तुमच्या टर्मिनलचं लोकेल आणि क्रॉनचं लोकेल एकच असेल याची खात्री नसते. प्रत्येक 'ओपन'मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-8 असं लिहिणं हा पक्का उपाय आहे.

सेंटओएसवर चालणारी शेल स्क्रिप्ट उबुंटूवर 'सिंटॅक्स एरर' देते. बॅश तर दोन्हीकडे आहे.

बॅश दोन्हीकडे आहे, पण '/बिन/एसएच' दोन्हीकडे एकच नाही. रेड हॅट घराण्यात (सेंटओएस, रॉकी, अल्मा यातच) 'एसएच' म्हणजे बॅशच. उबुंटूने 2006 च्या 6.10 आवृत्तीपासून आणि डेबियनने स्क्वीझ आवृत्तीपासून तिथे डॅश हे छोटं, वेगवान शेल ठेवलं. डॅशला अ‍ॅरे कळत नाहीत, दुहेरी चौकटी कंस कळत नाहीत, 'सोर्स' कळत नाही. हे सगळे ओरडणारे एरर आहेत.

न ओरडणारा एक नीट समजून घ्या. बॅशमध्ये कमांडपुढे '&>' लिहून फाइलचं नाव दिलं की आउटपुट आणि एरर दोन्ही त्या फाइलमध्ये जातात. डॅश तीच ओळ दोन तुकड्यांत वाचतं: '&' म्हणजे कमांड बॅकग्राउंडला पाठव, आणि '>' म्हणजे ती फाइल रिकामी कर. समजा ती ओळ डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची फाइलमधली प्रत) घेणारी आहे आणि पुढची ओळ तो डंप झिप करून दुसरीकडे पाठवणारी. डॅशखाली डंप बॅकग्राउंडला सुरू होतो आणि झिप त्याच क्षणी अर्धवट फाइल उचलतं. लॉग रिकामा, एक्झिट कोड शून्य, बॅकअपच्या फोल्डरमध्ये रोज एक फाइल, आणि त्यातली एकही पूर्ण नाही.

उपाय सोपा आहे. पहिल्या ओळीत बॅशचा पाथ लिहा आणि स्क्रिप्ट 'एसएच' लावून चालवू नका, कारण तसं केलं की पहिली ओळ विचारातच घेतली जात नाही. क्रॉनटॅबमधल्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलमधल्या) ओळीही '/बिन/एसएच'च चालवतं, म्हणून क्रॉनटॅबच्या डोक्यावर शेल बॅश असल्याचं लिहा. सगळ्या स्क्रिप्ट एकदा 'शेलचेक' या स्क्रिप्ट तपासणाऱ्या प्रोग्राममधून काढल्या तर यातले बहुतेक दोष बसल्या जागी सापडतात.

आयपी अ‍ॅड्रेस काढणारी ओळ आता रिकामी येते.

नेटवर्कची माहिती दाखवणाऱ्या 'आयएफकॉन्फिग'च्या आउटपुटमधून 'आयनेट अ‍ॅडर:' हा मजकूर 'ग्रेप'ने शोधून पुढचं कापणाऱ्या हजारो स्क्रिप्ट सेंटओएस 6 आणि उबुंटू 16.04 च्या काळात लिहिल्या गेल्या. नंतरच्या नेट-टूल्समध्ये (या कमांडचं पॅकेज) 'अ‍ॅडर:' हा शब्दच गेला; नुसतं 'आयनेट' आणि पुढे अ‍ॅड्रेस राहिला. पुढे किमान इन्स्टॉलमधून 'आयएफकॉन्फिग' आणि 'नेटस्टॅट' दोन्ही गेले, त्यांच्या जागी 'आयपी' आणि 'एसएस' आले. 'ईटीएच0' या नेटवर्क कार्डाच्या नावाची जागाही बऱ्याच ठिकाणी 'ईएनएस' किंवा 'ईएनपी'ने सुरू होणाऱ्या नावांनी घेतली.

नेट-टूल्स पुन्हा बसवून काम भागेल असं वाटतं, पण आउटपुटचा साचा जुना होत नाही. 'होस्टनेम'ला मोठ्या आयचा पर्याय द्या किंवा 'आयपी'ला जेसन आउटपुट मागा. माणसांना वाचायला बनवलेलं आउटपुट स्क्रिप्टने कापत बसणं हे मूळ दुखणं आहे.

व्हेरिएबल रिकामं आल्यावर पुढच्या ओळी काय करतात तेही बघा. रिकाम्या फोल्डरनावापुढे स्लॅश लावून 'आरएम -आरएफ' (सगळं न विचारता पुसणारी कमांड) करणारी ओळ कुठे नाही ना, हे आजच तपासा. 'सेट -यू' न दिलेल्या व्हेरिएबलवर स्क्रिप्ट थांबवतं, पण ग्रेपने दिलेली रिकामी किंमत त्याला चालते. तिथे व्हेरिएबल रिकामं असेल तर बाहेर पड, अशी अट हातानेच लिहावी लागते.

दोन याद्या जुळवणारी स्क्रिप्ट अचानक 'नसलेल्या' नोंदी दाखवते.

ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या 2.28 या ऑगस्ट 2018 च्या आवृत्तीत अक्षरांच्या क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. रेड हॅट 7 वर 2.17 होती, रेड हॅट 8 वर 2.28 आली, उबुंटूत हा फरक 18.04 आणि 20.04 च्या मध्ये पडतो, डेबियनमध्ये 9 आणि 10 च्या मध्ये. स्वतः बघायचं असेल तर '1-1' आणि '11' या दोन ओळी इंग्रजी यूटीएफ-8 लोकेलमध्ये सॉर्ट करा. जुन्या सिस्टीमवर 11 आधी येतं, नवीवर 1-1.

'जॉइन' आणि 'कॉम' या याद्या जुळवणाऱ्या कमांडना दोन्ही फाइल एकाच क्रमात लागतात. एक फाइल जुन्या सर्व्हरवर सॉर्ट करून ठेवलेली आणि दुसरी नव्यावर केलेली असली तर जुळणाऱ्या नोंदी निसटतात. माणसांना वाचायचं नसेल तिथे सॉर्टआधी 'एलसी_ऑल=सी' लावा; तो क्रम बाइटचा असतो, तो बदलत नाही.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर हे उत्तर दोनदा वाचा. मजकुराच्या रकान्यांवरचे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) सिस्टीमच्या याच क्रमाने बांधलेले असतात. डंप घेऊन नव्याने रिस्टोअर केलं असेल तर प्रश्न नाही. पण डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून नव्या ओएसवर लावली असेल, किंवा जुना मुख्य सर्व्हर आणि नवा रेप्लिका (त्याची चालती प्रत) अशी जोडी असेल, तर इंडेक्स आतून बिघडलेले असू शकतात: असलेली ओळ सापडत नाही, युनिक इंडेक्समध्ये तीच किंमत दुसऱ्यांदा शिरते. 'रीइंडेक्स' करा, आणि ते वापरकर्ते आत येण्याआधी करा.

बँकेच्या किंवा दुसऱ्या संस्थेच्या एसएफटीपीला (सुरक्षितपणे फाइल पाठवायची सोय) फाइल जात नाही. आपल्याकडे तर लॉगिनची तीच की (किल्ली) आहे.

एरर 'नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड, देअर ऑफर: एसएसएच-आरएसए' असा असेल तर की चांगलीच आहे. समोरचा सर्व्हर शा-1 या हॅशवर (डेटाचा ठसा काढायची पद्धत) आधारलेली जुनी सही देतोय, आणि ओपनएसएसएच या जोडणी करणाऱ्या प्रोग्रामच्या 8.8 पासून, म्हणजे सप्टेंबर 2021 पासून, ती पद्धत डीफॉल्टला बंद आहे. समोरच्यांना त्यांचा सर्व्हर अद्ययावत करायला लेखी कळवा. तोवर एसएसएच कॉन्फिगमध्ये फक्त त्या एका होस्टच्या नावाखाली जुनी पद्धत चालू करा. रेड हॅट 9 वर एवढ्याने भागत नाही, कारण तिथे सिस्टीमचं क्रिप्टो धोरणच (कोणतं एन्क्रिप्शन चालेल हे ठरवणारी सेटिंग) शा-1 च्या सह्या नाकारतं.

'एससीपी' या फाइल कॉपी करणाऱ्या कमांडचंही एक आहे. ओपनएसएसएच 9.0 पासून ती कमांड आतून एसएफटीपी वापरते. रेड हॅट 9 ने 8.7 मध्येच तसं केलं. जुन्या राउटर किंवा स्टोरेज बॉक्सवर एसएफटीपी नसेल तर कॉपी अडते. तिथे मोठ्या ओचा पर्याय लावला की जुनी पद्धत मिळते.

मग क्रिप्टो धोरण 'लेगसी' केलं तर सगळंच सुटेल ना?

सुटेल, आणि सर्व्हरवरच्या प्रत्येक सेवेचं दार तेवढंच सैल होईल. एका जुन्या समोरच्यासाठी वेबसर्व्हर, मेल, डेटाबेस सगळे मागे नेणं मला पटत नाही. शिवाय हा बदल एका ओळीचा असतो, कोणी लिहून ठेवत नाही, आणि पुढच्या अपग्रेडपर्यंत तसाच राहतो. फक्त शा-1 हवं असेल तर 'डीफॉल्ट:शा1' एवढंच उपधोरण लावता येतं. त्याहून बरं म्हणजे तेवढी एक फाइल पाठवण्याचं काम वेगळ्या, इतर काहीच न करणाऱ्या मशीनवर ठेवणं.

जुने एन्क्रिप्ट केलेले बॅकअप उघडत नाहीत, पासवर्ड बरोबर असूनही 'बॅड डिक्रिप्ट' येतं.

घाबरू नका, डेटा बहुधा सुखरूप आहे. 'ओपनएसएसएल एन्क' ही एन्क्रिप्शनची कमांड पासवर्डपासून की बनवताना आधी एमडी5 हा हॅश वापरायची, 1.1.0 आवृत्तीपासून शा-256 वापरते. रेड हॅट 7 वर 1.0.2 होती, 8 वर 1.1.1 आली, म्हणून अपग्रेडनंतरचे बॅकअप उघडतात आणि आधीचे नाही. जुनी फाइल उघडताना 'एमडी' पर्यायाला एमडी5 द्या.

ओपनएसएसएल 3, म्हणजे रेड हॅट 9 आणि उबुंटू 22.04, वर आणखी एक पायरी आहे. ब्लोफिश, साधं डीईएस, आरसी4, आरसी2 या सगळ्या जुन्या एन्क्रिप्शन पद्धती वेगळ्या 'लेगसी' प्रोव्हायडरमध्ये (जादा भागात) टाकल्या आहेत आणि तो आपोआप लोड होत नाही. जुन्या पीएफएक्स किंवा पी12 सर्टिफिकेट फाइल न उघडण्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. 'पीकेसीएस12' कमांडला 'लेगसी' पर्याय देऊन उघडा आणि लगेच नव्या पद्धतीने पुन्हा साठवा.

हे सगळं शांतपणे आज करून बघा. रिस्टोअरची गरज पडेल त्या रात्री हे शोधत बसायला कोणाकडेच वेळ नसतो.

स्क्रिप्टची वेळ साडेपाच तास मागे गेली आहे.

स्क्रिप्टमध्ये किंवा कॉन्फिगमध्ये टाइमझोन 'एशिया/कलकत्ता' असा लिहिलेला आहे का बघा. आजचं नाव 'एशिया/कोलकाता' आहे. जुनं नाव कित्येक वर्षं सोबत चालत राहिलं. उबुंटू 24.04 आणि डेबियन 13 मध्ये अशी जुनी नावं मुख्य पॅकेजमधून काढून 'टीझेडडेटा-लेगसी'मध्ये ठेवली, आणि ते आपोआप बसत नाही.

नाव सापडलं नाही तर 'डेट' कमांड तक्रार करत नाही. ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) दाखवते आणि 'आयएसटी'च्या जागी 'एशिया' असा शब्द छापते. लॉगमध्ये वेळेशेजारी तो शब्द दिसला की निदान झालंच. रात्री 12:15 ला चालणारी दिवसअखेरीची स्क्रिप्ट अशा वेळी आदल्या दिवसाची 18:45 समजते आणि चुकीच्या तारखेचा अहवाल काढते. पोस्टग्रेस मात्र स्पष्ट नकार देतं. विंडोजवरच्या जावा प्रोग्रामकडून हेच जुनं नाव येतं, त्यामुळे जोडणीच होत नाही.

स्क्रिप्टमधलं नाव बदला. दुसऱ्यांच्या प्रोग्राममध्ये ते अडकलेलं असेल तर पॅकेज बसवा.

हाताने चालते, क्रॉनमध्ये चालत नाही.

क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरची यादी) तोकडा असतो, आणि ज्या कमांड जुन्या सर्व्हरवर '/यूएसआर/बिन'मध्ये होत्या त्या नव्यावर तुम्ही हाताने '/यूएसआर/लोकल/बिन'मध्ये टाकलेल्या असतात. 'एन्व्ह -आय' लावून स्क्रिप्ट चालवलीत की क्रॉनला जे दिसतं साधारण तेच तुम्हाला दिसेल.

उबुंटू-डेबियनवर गेलेल्यांनी आणखी एक तपासा. तिथे 'क्रॉन.डेली'सारख्या फोल्डरमधल्या ज्या फाइलच्या नावात टिंब आहे ती वगळली जाते. म्हणजे सेंटओएसवर रोज चालणारी 'बॅकअप.एसएच' तिथे जशीच्या तशी ठेवलीत तर ती कधीच चालत नाही, एररही येत नाही. 'रन-पार्ट्स --टेस्ट' कमांड कोणत्या फाइल चालतील याची यादी देते. नावातलं '.एसएच' काढून टाकलं की झालं.

आणि क्रॉनचे मेल. सर्व्हरवर मेल पाठवणारं काहीच बसवलेलं नसेल तर उबुंटू लॉगमध्ये 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' एवढी नोंद करून सगळं आउटपुट फेकून देतं. मेल येत नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नव्हे.

रूट असूनही 'परमिशन डिनाइड'?

दोन जागा बघा. पहिली एसईलिनक्स, ही लिनक्सची जादा सुरक्षा: जुन्या सर्व्हरवर कोणीतरी ते बंद केलेलं होतं, रेड हॅट घराण्यातल्या नव्याने बसवलेल्या सिस्टीमवर ते चालू असतं. 'एमव्ही'ने हलवलेल्या फाइल जुनं लेबल घेऊन येतात, 'रिस्टोअरकॉन' चालवा. नेमकं काय अडलं ते 'ए-यू-सर्च'मध्ये एव्हीसी (नकाराच्या) नोंदी शोधून कळतं. एसईलिनक्स बंद करून टाकू नका.

दुसरी जागा '/टीएमपी', तात्पुरत्या फाइलचं फोल्डर. नव्या सिस्टीमवर 'प्रोटेक्टेड_रेग्युलर' ही कर्नल सेटिंग सिस्टीमडीकडून (सेवा सुरू करणारा प्रोग्राम) चालू होते. दुसऱ्या युजरने '/टीएमपी'मध्ये बनवलेल्या फाइलवर रूटलाही '>' करून लिहिता येत नाही. ही सुरक्षा योग्य आहे. दोन युजरनी वापरायची फाइल '/रन' किंवा '/व्हार/लिब'खाली स्वतंत्र फोल्डरमध्ये न्या.

फाइल डोळ्यांसमोर आहे, तरी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणतं.

सापडत नाही ती फाइल वेगळीच असते: पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), किंवा जुन्या 32-बिट प्रोग्रामला लागणारा लोडर (प्रोग्राम मेमरीत आणणारी फाइल). 'फाइल' कमांडने प्रोग्राम 32-बिट आहे का ते बघा. असेल तर ग्लिबसीचं आय686 पॅकेज बसवा. लायब्ररी कमी असेल तर 'एलडीडी' सांगतं. जुन्या ओपनएसएसएलसाठी रेड हॅट 8 वर 'कॉम्पॅट-ओपनएसएसएल10' आणि 9 वर 'कॉम्पॅट-ओपनएसएसएल11' आहे. नव्या लायब्ररीला जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) देऊन फसवू नका. प्रोग्राम सुरू होईल आणि मध्येच कुठेतरी कोसळेल.

पर्ल आणि पीएचपीचं काय?

पर्ल 5.26 ने 2017 मध्ये चालू फोल्डर शोधयादीतून काढला. 'रिक्वायर' एरर देऊन थांबतं, पण 'डू'ने वाचलेली कॉन्फिग फाइल सापडली नाही तरी स्क्रिप्ट पुढे जाते, रिकाम्या सेटिंग घेऊन. पाथ पूर्ण लिहा.

पीएचपीमध्ये 'मायएसक्यूएल_कनेक्ट' हे डेटाबेसला जोडणाऱ्या फंक्शनचं घराणं 7.0 मध्येच गेलं. सेंटओएस 7 वर 5.4 असल्यामुळे ते आजवर टिकलं होतं. 8.0 मधला बदल जास्त जपण्यासारखा आहे: शून्य आणि 'एबीसी'सारखा मजकूर दोन बरोबर-चिन्हांनी तपासला तर आधी उत्तर 'हो' यायचं, आता 'नाही' येतं. अशा तुलनेवर उभ्या असलेल्या अटी उलट्या फिरतात.

सुरक्षेच्या जुन्या स्क्रिप्ट तर व्यवस्थित चालताना दिसतात.

त्या आधी तपासा. चुकीचे पासवर्ड टाकणारे आयपी 'होस्ट्स.डिनाय'मध्ये लिहिणारी स्क्रिप्ट रेड हॅट 8 वर निमूटपणे लिहीत राहते, पण टीसीपी रॅपर्स (ती फाइल बघून जोडणी नाकारणारी सोय) त्या आवृत्तीतून काढलेले असल्यामुळे ती फाइल कोणी वाचतच नाही. घड्याळ जुळवणारं 'एनटीपीडी' जाऊन 'क्रोनी' आलं आहे. सर्व्हर सुरू होताना चालणाऱ्या 'आरसी.लोकल'ला एक्झिक्यूट परवानगी नसेल तर त्यातलं काहीच चालत नाही. स्क्रिप्टच्या एक्झिट कोडवर विसंबू नका. बाहेरच्या मशीनवरून जोडून बघा की दार खरंच बंद आहे.

जुनी सिस्टीम कंटेनरमध्ये (नव्या सर्व्हरवरच्या वेगळ्या बंद डब्यात) ठेवून स्क्रिप्ट तशीच चालवली तर?

तात्पुरता, पण खरा मार्ग आहे. सेंटओएस 7 ची इमेज (तयार प्रत) पॉडमन या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये घ्या, स्क्रिप्टला लागणारं एकच फोल्डर जोडा, नेटवर्क नको असेल तर बंद ठेवा. कर्नल मात्र नव्या होस्टचाच असतो, आणि आतली पॅकेज आता फक्त व्हॉल्टमध्ये (जुन्या पॅकेजच्या साठ्यात) मिळतात, सुरक्षा अपडेट नाहीत. इंटरनेटला उघडी असलेली कोणतीही गोष्ट अशी ठेवू नका. कधी काढणार त्याची तारीख आणि कोण काढणार त्याचं नाव लिहून ठेवा.

स्क्रिप्ट दुरुस्त झाली हे कशावरून म्हणायचं?

एरर गेला म्हणून नाही. जुन्या सर्व्हरचा एखादा पूर्ण झालेला दिवस घ्या, तोच इनपुट नव्या सर्व्हरवर द्या आणि दोन्ही आउटपुट 'डिफ'ने ताडून बघा. तारीख-वेळेच्या ओळी वगळून जो फरक उरेल त्याच्या प्रत्येक ओळीचं कारण सांगता आलं पाहिजे. बॅकअपच्या बाबतीत आउटपुट म्हणजे रिस्टोअर झालेला डेटाबेस. फाइलचा आकार नव्हे.

स्क्रिप्ट लिहिणारा माणूस केव्हाच सोडून गेला. नेमक्या किती स्क्रिप्ट आहेत हेच माहीत नाही.

हे बहुतेक ठिकाणी असतं, आणि त्या माणसाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याने ज्या दिवसांत ते काम केलं तेव्हा त्याला कोणी कागद मागितलाच नव्हता. जुन्या सर्व्हरवर बसून यादी करा. '/ईटीसी' मधले सगळे क्रॉन फोल्डर, आणि '/व्हार/स्पूल/क्रॉन'मध्ये प्रत्येक युजरचा क्रॉनटॅब, सोडून गेलेल्यांच्या नावाचेसुद्धा. सिस्टीमडीचे टाइमर. 'आरसी.लोकल' आणि 'इनिट.डी'. लॉगरोटेटच्या फाइलमधल्या 'पोस्टरोटेट' ओळी. एसएसएचच्या 'ऑथराइज्ड_कीज'मध्ये 'कमांड=' लिहून बांधलेल्या स्क्रिप्ट; या जागेकडे जवळजवळ कोणीच बघत नाही. डेटाबेसमधले शेड्यूल केलेले इव्हेंट. आणि शेजारच्या मशीनवरून इथे लॉगिन करून काहीतरी चालवणारे, ज्यांचा पत्ता फक्त लॉगिनच्या लॉगमध्ये लागतो.

यादीत प्रत्येकीपुढे चारच गोष्टी लिहा: काय घेते, काय देते, ते कोण वापरतं, आणि ती चालली नाही तर कोणाचा फोन येईल. चौथा रकाना भरण्यासाठी हिशेब विभागात, स्टोअरमध्ये, काउंटरवर प्रत्यक्ष जाऊन विचारावं लागतं. जिच्यापुढे कोणाचंच नाव येत नाही ती नव्या सर्व्हरवर नेऊ नका. जुन्यावर नुसती बंद करून ठेवा आणि मार्चअखेर उलटेपर्यंत वाट बघा.